दुसऱ्याच्या भावाची गोष्ट

गोकुळानं तांब्या तिरका केला आणि रोशनीच्या हातांवर पाण्याची धार धरली. रोशनी हात चोळत राहिली. हात धुऊन झाले तरी ती चोळतच होती. तांब्या अर्धा रिकामा झाला तेव्हा गोकुळाला हसू आलं.

"बस झालं आता. मेकअप रातीले उतरवजो. जेवाले बस."

"बसते ना," रोशनी म्हणाली.

"'बसतो' नाई, 'बसते' म्हने! पुण्याची झाली पोरगी."

रोशनीनं हसायचा प्रयत्न केला. पाटावर टेकता टेकता तिनं ओढणी डोक्यावर घेतली, मग तिला ते नाटकी वाटलं म्हणून खाली काढली, आणि गोकुळा ताट घेऊन आली तेव्हा पुन्हा डोक्यावर घेतली. लाखो लोकांसमोर कधी न अडखळलेली ही बाई. इथं दोन खोल्यांच्या घरकुलात तिला आपली ओढणी कुठं ठेवावी हेही सुचत नव्हतं.

सकाळी नाटक कंपनीची गाडी वडशाहून निघाली तेव्हा चिचटोला हे तिच्यासाठी तारखांच्या यादीतलं एक नाव होतं. मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं गाव, तेविसावा प्रयोग, दोन नाच, तीन रडण्याचे प्रवेश. गाडी गावात शिरता शिरता मॅनेजर प्रवीण मागं वळून म्हणाला,

"मॅडम, तुमचं जेवण आज स्पेशल आहे बरं का. इथली एक बाई मंडळात भांडून आली म्हणे. रोशनी माह्या माहेरची, थे दुसरीकडं जेवनच कशी! गोकुळाबाई नाव आहे."

इकडच्या गावांची ही रीतच आहे. नाटकाला आलेले कलावंत घराघरांत वाटून दिले जातात. कोण कुणाकडं जेवणार हे आठ दिवस आधी ठरतं, आणि नायिकेसाठी तर रुसवेफुगवे होतात. ज्या घरी नायिका जेवली त्या घरची बाई पुढची मंडई येईपर्यंत नळावर ताठ मानेनं पाणी भरते. रोशनीला हे सगळं ठाऊक होतं, आजवर तिला त्यात गंमतही वाटत आली होती. पण गोकुळाचं नाव ऐकलं तेव्हा तिला गंमत वाटली नाही.

डोकं दुखतंय, स्टेजमागंच डबा मागवू का, असं तिनं प्रवीणला विचारून पाहिलं. तो हसायलाच लागला.

"काय बोलता मॅडम. त्या घराची बेइज्जती होईल. मंडळाचे सोमाजीभाऊ तर मला गावाबाहेरच काढतील."

म्हणून ती आली होती. गोकुळाचा नवरा सुरेंद्र पोरीला खांद्यावर बसवून शंकरपटाची शर्यत बघायला गेला होता. निम्मं गाव तिथंच होतं. लाऊडस्पीकरवर बैलजोड्यांची नावं पुकारली जात होती, मधूनच लोकांचा गलका उठत होता. घरात दोघीच. भिंतीला खिळ्यावर जाळं टांगलेलं. ताटात भात, मासोळीचा रस्सा, बाजूला लाखोरीची डाळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. एवढा साग्रसंगीत बेत बघून रोशनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याचं कारण तीन वर्षांपूर्वीचं होतं.

तीन वर्षांपूर्वी ती टीव्हीवरच्या एका नाचाच्या कार्यक्रमात निवडली गेली. सोळा जण होते. चौथ्या आठवड्यात ती अगदी तळाला होती. नाच चांगला होता, पण नाच सगळ्यांचाच चांगला होता. इतरांकडं नाचाशिवाय आणखी काहीतरी होतं. कुणाची आई लहानपणीच गेलेली, कुणाचा बाप रिक्षा चालवणारा, कुणाला काळी म्हणून वर्गातल्या पोरींनी हिणवलेलं. रोशनीचा बाप चंद्रपूरला खाणीत कामाला, आई घरी शिवणकाम करायची, आणि धाकटा भाऊ मिथुन दोन वेळ जेवून जाडा होत चाललेला. कार्यक्रमातली एक मुलगी वही घेऊन तिच्यासमोर बसली होती. तिनं रोशनीचं सगळं ऐकून घेतलं आणि खऱ्या काळजीनं विचारलं,

"एवढ्या जंगलातून आलीस आणि तुला दुःखच नाही?"

तेव्हा रोशनीनं सोनूची गोष्ट सांगितली. सोनू म्हणजे गोकुळाचा भाऊ. मैत्रिणीचा भाऊ होता, असंच तिनं सांगितलं होतं. वहीवाली मुलगी लिहिता लिहिता थांबली. "मैत्रिणीचं कोण ऐकतं गं," ती म्हणाली. त्यावर कुणी रोशनीला धाकदपटशा दिला नाही, कुणी कागदावर सही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर रोशनी आपल्या तोंडानं म्हणाली, माझा धाकटा भाऊ होता. चार वर्षांचा. गावच्या तलावात गेला. आम्ही ढिवर, मासे धरणारे. माझ्या बाबांनी स्वतःच्या जाळ्यानं त्याला बाहेर काढलं.

इथवर भाऊ आणि बाबा दुसरीचे, बाकी सगळं खरं होतं. पण मग समोर बसलेली परीक्षक बाई रुमाल काढायला लागली, आणि रोशनीला थांबवेना. ती म्हणाली, मी त्याचा हात धरला होता. पाणी त्याला ओढत होतं आणि मी हात सोडला नाही. त्याचीच बोटं सुटली माझ्या हातातून. इथं तिचा आवाज दाटला. तो हात तिला कुणी सांगितला नव्हता. वहीतही नव्हता. तो पूर्णपणे तिचा होता.

तळाची रोशनी पहिल्या तिघांत गेली. कार्यक्रम संपल्यावर मालिका मिळाली. धाकट्या जावेचं काम, आठवड्यातून चार दिवस रडायचं. "तू रडतेस फार छान," असं दिग्दर्शक म्हणायचा. मालिका अकरा महिन्यांत बंद पडली. मग साड्यांच्या दुकानांच्या फिती कापल्या, एक सिनेमा अर्ध्यावर अडकला, आणि मुंबईत फोन वाजेनासा झाला. तेव्हा वडशाच्या कंपनीनं बोलावलं. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत ती अजून स्टार होती. पोस्टरवर तिचा फोटो नायकापेक्षा मोठा छापायचे. आणि प्रत्येक गावात पडदा उघडायच्या आधी मंडळाचा अध्यक्ष माईक हातात घेऊन म्हणायचा, साऱ्या महाराष्ट्राले रडवनारी आपली लेक, दोन शब्द सांगन. मग ती दोन शब्द सांगायची. बावीस गावांत बावीस वेळा तिनं सोनूचा हात धरला होता.

घरी काय झालं ते वेगळंच. आईनं टीव्ही बंद केला आणि फोनवर एवढंच म्हणाली, "जित्या पोराले मारलं तू." पुढचे पाच शनिवार तिनं मिथुनची मीठ-मिरचीनं नजर उतरवली. मिथुनचे मित्र त्याला बरेच दिवस विचारायचे, काय रे, तू तं मेला होता ना? तो हसायचा. त्या घरात त्या गोष्टीवर हसलेला तो एकटाच.

"खाय ना वो," गोकुळा म्हणाली. "का तिखट झालं?"

"नाही. छान झालंय."

गोकुळा तिच्यासमोर भिंतीला टेकून बसली. ती जाडही झाली नव्हती आणि बारीकही. तोंड तेच होतं, सातवीतलं. फक्त केसांना पुढून जरा पांढुरकी झाक होती, सव्वीसाव्या वर्षी.

रोशनीनं घास खाली ठेवला. किती वेळा ठरवलं होतं तिनं. मुंबईत, गाडीत, स्टेजमागं पावडर लावता लावता. गोकुळा भेटली की सांगायचं. गोकुळानं शिव्या दिल्या तर त्या ऐकून घ्यायच्या. झिंज्या धरल्या तर धरू द्यायच्या. आणि ती वेळ आली तेव्हा समोर मासोळीचा रस्सा होता.

"गोकुळा, मला तुझ्याशी बोलायचं आहे."

"बोल ना."

"मी टीव्हीवर जे सांगितलं..."

"पाह्यलं म्या," गोकुळा म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. पाहिलं म्हणजे पाहिलं, एवढंच. रोशनीची मान खाली गेली.

"मी चोरली तुझी गोष्ट. मला माहीत आहे. आणि त्यावर एवढं सगळं..." तिनं हातानं कुठं तरी दाखवलं. आपली ओढणी, पोस्टर, गाडी, नक्की काय ते तिलाही कळलं नाही. "मी आज रात्री माईकवर सगळं खरं सांगणार आहे. भाऊ माझा नव्हता. गोकुळाचा होता, सोनू त्याचं नाव. आणि तो गेला तेव्हा..."

ती थांबली. हे तिनं आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि जिला सांगायचं तिला तर ते माहीतच होतं.

दोघी सातवीत होत्या, शाळेचं गॅदरिंग जवळ आलं होतं. घरात नाचायला जागा नाही म्हणून त्या तलावाच्या पाळीवर, बांधावर, नाच बसवत होत्या. शकुकाकी, म्हणजे गोकुळाची आई, मळणीला गेली होती. जाताना म्हणाली होती, सोनूले पाह्य. सोनू खाली बेशरमीच्या झुडपांजवळ मातीत खेळत होता. त्याच्याकडं सारखं बघत बसायची कुणालाच गरज वाटली नाही. ढिवराच्या घरी पाण्याची धास्ती कुणी शिकवत नाही. पोरं चालायला लागतात तशी पोहायलाही लागतात, कधी ते आईबापालाही आठवत नाही. सोनूला अजून पोहता येत नव्हतं, एवढंच सगळे विसरले होते. गिरकी रोशनीला जमत नव्हती. मधेच गोकुळा थांबली आणि म्हणाली, सोनू कुठी गेला पाह्यतो. रोशनीनं तिचं मनगट धरलं. जाते कुठी? अजून एक डाव. मग अजून एक. त्या दिवशी त्या पाळीवर कुणी कुणाचा हात धरला असेल तर तो हा एवढाच.

नंतर रोशनी घरी पळाली आणि कोठीमागं लपून बसली. मुखरूकाकांनी, गोकुळाच्या बापानं, जाळं टाकलं ते तिनं पाहिलंही नाही, दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. गोकुळानं बापाचा मार खाल्ला, शाळा सोडली, पण सोबत कोण होतं ते सांगितलं नाही. वर्षभरात रोशनीचं घर चंद्रपूरला गेलं.

"तो गेला तेव्हा मी तुला धरून ठेवलं होतं," रोशनी म्हणाली. तिची भाषा आपोआप गावच्या बोलीवर उतरली. "थे पन सांगतो मी आज. साऱ्यायसमोर सांगतो. माह्यामुळं झालं म्हून."

गोकुळा उठली. चुलीतलं लाकूड विझत आलं होतं, ते तिनं पुढं सारलं. बाहेर लाऊडस्पीकरवाला एका जोडीचा वेळ पुन्हा पुन्हा सांगत होता.

"पह्यल्या डावाले तुह्या बहुत राग आला," ती चुलीकडं बघतच म्हणाली. "भांडे आपटले म्या. ह्यायनं इचारलं, काय झालं वो? म्या म्हटलं काई नाई. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर पुन्हा पाह्यलं. तू म्हनत होती, पानी वढत होतं अन् मी हात सोडला नाई. म्या थे किती डाव पाह्यलं असन, मलेच नाई मालूम. पोरगी झोपली का पाह्याची. पाहून पाहून मलेच वाटाले लागलं का धरलाच असन हात. मीच भुलली असन."

शिव्या आल्या असत्या तर रोशनीनं त्या झेलल्या असत्या. त्यांची तयारी तीन वर्षांपासून होती. ह्याची नव्हती.

"माय येऊन राह्यली आता," गोकुळा म्हणाली. "चारच्या बसनं. नाटकाले."

"शकुकाकी?"

"हव." गोकुळा आता तिच्याकडं वळली. "माहं लगन लावून देल्लं तिनं, पन या घरी एक डाव आली नाई. बाळंतपनाले नाई आली. बाबा मेले तवा मी गेली, तं तिनं मले पानी नाई मांगलं, शेजारच्या पोरीले मांगलं. मी तिथंच बसून होती, माठाजवळ. अन् तुह्या थो कार्यक्रम झाला, आठ दिवसांत माय दारात उभी. हातात वांग्यायची पिशवी. म्हने, रोशनीनं तुहीच गोष्ट सांगतली. तू त्याचा हात धरला होता, तं मले कधी सांगतलं काऊन नाई?"

"तू काय म्हटलं?"

"काय म्हनू? रडाले लागली मी. तिले वाटलं थे हो हाये." गोकुळानं पदरानं तोंड पुसलं. "म्या हो बी नाई म्हटलं अन् नाई बी नाई म्हटलं. तवापासून येते. दोन डाव आली. आज तिसरा."

रोशनीनं ताटाकडं पाहिलं. रस्सा भातात जिरून गेला होता.

"तिले तुले इचाराचं हाये," गोकुळा म्हणाली. "दोन वर्षांपासून म्हनते, रोशनीले एक डाव भेटलं पाह्यजे. तिनं सारं डोळ्यानं पाह्यलं हाये. म्हूनच तं म्या मंडळात जाऊन भांडली, का तू माह्याच घरी जेवशीन."

"मी खरं सांगतो तिले. समजावून सांगतो."

"सांगशीन. रातीले माईकवर बी सांगशीन. लोकं म्हनतीन काय दिलाची पोरगी हाये. तुह्या जीव हलका होईन. उद्या सकारी गाडीत बसून पुढच्या गावाले जाशीन." गोकुळानं हे सगळं अगदी सरळ सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. "मी इथीच राह्यतो. अन् माय पुन्हा नाई येनार."

"मग मी काय करू?"

"टीव्हीत जसं सांगतलं, तसंच सांग तिले."

रोशनीला वाटलं, आत्ता उठावं आणि चालत वडशापर्यंत जावं. आजवर ती लाजली होती ते लबाडी केली म्हणून. ती लबाडी एक दिवस परत करता येईल, एवढा एक आधार होता. आता तोही गेला. आणि गोकुळा तिच्याकडं अशी बघत होती, जणू हे मागणं काही मोठं नाही, घरातलं मीठ संपलंय, येताना आणशील का, एवढंच.

बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. गोकुळा घाईनं उठली, केस सारखे केले, तांब्या पुन्हा भरून घेतला.

शकुबाई बारीक होती, आठवणीत होती त्याच्या निम्मी. उंबऱ्यात चप्पल काढायला तिनं दाराची चौकट धरली. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला दिसत होता. पिशवी कोपऱ्यात ठेवून ती खाली बसली आणि म्हणाली,

"पानी दे वो गोकुळा."

गोकुळानं तांब्या दिला. शकुबाई वरून धार धरून प्यायली, सावकाश, मधे एकदा श्वास घ्यायला थांबून. ती पीत होती तोवर गोकुळा तिथून हलली नाही. तांब्या रिकामा होऊन हातात परत येईपर्यंत तिनं पापणीसुद्धा लववली नाही. ते रोशनीनं पाहिलं आणि तिला पुढं काय करायचं ते कळून चुकलं.

"काकी, पाया पडतो," ती म्हणाली.

"कोन? रोशनी का?" शकुबाई पुढं सरकली, अगदी जवळ तोंड आणून तिला न्याहाळलं. "टीव्हीत उची दिसत होती तू."

"खाली स्टेज असते ना, काकी."

"जेवली का?"

"हव."

"काई नाई जेवली," गोकुळा म्हणाली. "तसंच हाये ताट."

शकुबाईनं ताटाकडं पाहिलं, पण जेव म्हणाली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. ती काही घोळवत होती हे दिसत होतं, आणि ते आजचं नव्हतं.

"मले एक इचाराचं होतं बाई तुले," ती म्हणाली. "तू टीव्हीत म्हनली, भाऊ माह्या. म्हनली तं म्हनली. त्या टीव्हीवाल्यायचं तसंच राह्यत असन, मले त्याचं काई नाई. पोरगं माहं होतं थे मले मालूम हाये. पन थे हाताचं तू सांगतलं ना. थे तसंच झालं होतं का?"

गोकुळा चुलीजवळ उभी होती. हातात पळी होती आणि पळीत काहीच नव्हतं.

"हव काकी," रोशनी म्हणाली.

"धरला होता तिनं?"

"धरला होता. थे पान्यात गेली होती, कमरेइतक्या. गाळात पाय फसत होते तिचे. पानी त्याले वढत होतं अन् तिनं हात सोडला नाई. त्याचीच बोटं सुटली..."

इथं रोशनीचा आवाज दाटला. नेमका इथंच. बावीस गावांत, आणि त्याच्या आधी त्या कॅमेऱ्यासमोर, याच शब्दाला तो दाटत आला होता. या वेळी ती रडत होती की रडण्याचं काम करत होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिला स्वतःची शिसारी आली. आणि त्यातही, आवाज बरोबर लागला, हे तिच्या लक्षात आलं होतं.

शकुबाईनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

"कोनता हात?" तिनं विचारलं.

"काय?"

"उजवा का डावा?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. परीक्षकांनी नाही, बावीस गावांतल्या एकाही माणसानं नाही.

"उजवा," रोशनी म्हणाली.

शकुबाईनं हात पुढं केला. गोकुळाला आधी कळलंच नाही. मग ती पळी खाली ठेवून आईजवळ येऊन बसली. शकुबाईनं लेकीचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्यावर आपला हात ठेवला. गोकुळा जमिनीकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दुसरा हात मोकळा असूनही ती ते पुसत नव्हती.

रोशनीला वाटलं, झालं. जे मागितलं ते दिलं. आता हात धुवावेत, उठावं, तयारी करायची आहे असं सांगून निघावं. सोमाजीभाऊंचा माणूस येईलच बोलवायला. रात्री माईकवर काय बोलायचं ते तिथं बघता येईल. तिनं ताट थोडं पुढं सरकवलं.

"अन् तू कुठी होती?" शकुबाईनं विचारलं.

आवाजात राग नव्हता. नुसता प्रश्न होता. एकीनं हात धरला, दुसरी ते बघत होती, मग दुसरी होती कुठं, एवढाच. गोकुळानं झटकन मान वर केली. दूर होती, घरी होती, शेण वेचत होती, काहीही म्हण, असं तिचं तोंड सांगत होतं. रोशनीला ते सगळं दिसलं. अशी उत्तरं द्यायला तिला एक क्षणही लागला नसता. तीन वर्षं तिनं दुसरं केलं तरी काय होतं?

"पाळीवर होती, काकी," ती म्हणाली.

"काय करत होती?"

"नाचत होती."

शंकरपटात कुठली तरी जोडी जिंकली असावी, मोठा गलका उठला आणि हळूहळू खाली बसला. शकुबाई रोशनीकडं बघत राहिली, त्या एका धड डोळ्यानं. लेकीच्या हातावरचा हात तिनं काढला नाही. रोशनीनं नजर चुकवली नाही. चुकवायची फार इच्छा झाली, पण चुकवली नाही.

"आज नाच हाये का तुह्या?" शकुबाईनं विचारलं.

"हायेत. दोन."

"मले दूरचं दिसत नाई," शकुबाई म्हणाली. "त्या मंडळवाल्यायले सांग, मले समोर बसवा म्हना."